गाडी धुण्याचे यंत्र घेताना

खंडेनवमीच्या दिवशी हत्यारे-अवजारे धुऊनपुसून पुजण्याची आपली चाल फार जुनी आहे. एके काळी पाटावर कोयता, कुऱ्हाड, नांगराचा फाळ आणि फार तर घरातली कात्री मांडली जाई. आज अंगणात स्कूटर, मोटार आणि पॉवर टिलर ओळीने उभे असतात व झेंडूच्या माळा त्यांना चढतात. मराठी कुटुंब बेळगावात असो, बडोद्यात असो वा इंदुरात, या दिवसाचे रूप बहुधा सारखेच. गोव्यात मात्र त्या धुण्यापुसण्याला विशेष निकड असते. वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस झेलणारा हा प्रदेश. चार महिन्यांचा तांबडा चिखल गाडीच्या पोटाशी घट्ट बसलेला असतो आणि तो काढण्यासाठी बादली-फडके घेऊन वाकणाऱ्याची कंबर संध्याकाळपर्यंत जाब विचारू लागते.

या कामासाठी विजेवर चालणारे ‘प्रेशर वॉशर’ नावाचे यंत्र अलीकडे घरोघर येऊ लागले आहे. जर्मनीतील आल्फ्रेड केर्शर यांनी १९५० मध्ये गरम पाण्याचे असे यंत्र बनविले, ते कारखान्यांसाठी होते. घरात उचलून नेण्याजोगे यंत्र त्यांच्याच नावाच्या कंपनीने १९८४ मध्ये बाजारात आणले. आता पाच-सहा हजार रुपयांपासून पुढे अनेक किमतींची यंत्रे आपल्याकडील दुकानांत मांडलेली असतात. प्रत्येकाच्या खोक्यावर मोठा आकडा छापलेला असतो आणि गिऱ्हाईक त्या आकड्यावर भुलते. आम्हांस या लेखात एवढेच सांगावयाचे आहे की तो आकडा सर्वांत शेवटी पाहावा. आधी आपल्या गाडीवरची घाण कोणती ते पाहावे, मग आपले पाणी आणि त्यानंतर आपली वीज. या तिन्हींचा हिशेब जुळला, तर बेताच्या किमतीचे यंत्रही वर्षानुवर्षे सेवा देते. न जुळला, तर महागातले यंत्रही माळ्यावर जाऊन पडते.

उदाहरणादाखल आम्ही गोव्यातील पेडणे आणि डिचोली हे दोन तालुके घेतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीज अंमलाखाली आलेल्या नव्या काबिजादींतले हे प्रांत, आणि घरात-देवळात मराठी जपणारे. परंतु वाहने धुण्याच्या दृष्टीने पाहता या दोन तालुक्यांची दुखणी अगदी वेगळी आहेत, आणि म्हणूनच यंत्राची निवड कशी करावी हे त्यांच्याकडून चांगले शिकता येते.

प्रथम यंत्राचे काम थोडक्यात समजून घेऊ. नळाचे किंवा टाकीचे पाणी आत येते, मोटरीने चालणारा लहानसा पंप ते दाबतो आणि बंदुकीसारख्या मुठीच्या टोकाला असलेल्या बारीक तोटीतून ते वेगाने बाहेर फेकले जाते. हा दाब ‘बार’ या मापाने मोजतात. दहा मीटर उंचीवरच्या टाकीखालील नळाला सुमारे १ बार दाब असतो. घरगुती यंत्र ८० ते १२० बार दाब देते. १०० बार म्हणजे समुद्रात एक हजार मीटर खोलीवर असतो तेवढा दाब. एवढी शक्ती आपण आपल्या अंगणात आणीत आहोत, हे भान प्रारंभापासून असावे.

आता घाण. डिचोलीची घाण म्हणजे तांबडी माती आणि लोहखनिजाची धूळ. या तालुक्याने खाणींचे सर्व चढउतार पाहिले. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्यातील खनिज उत्खनन थांबले, ते पुढे पुन्हा सुरू झाले, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्यावर मार्चपासून पुन्हा बंद पडले. कर्ज काढून टिपर घेतलेल्या कितीतरी कुटुंबांच्या दारात ती अवजड वाहने गंजत उभी राहिली. लिलावाने दिलेल्या डिचोलीच्या पट्ट्यातून एप्रिल २०२४ मध्ये काम पुन्हा सुरू झाले. ज्या घराची चूल एका टिपरवर अवलंबून आहे, त्या घराला त्याची चासी, स्प्रिंगा आणि ब्रेकचे सांधे मातीने खाऊ देणे परवडणारे नाही. तेथे धुणे म्हणजे शोभेचा प्रश्न नव्हे.

ही माती ओली असताना चिकट आणि वाळल्यावर विटेसारखी होते. तिच्यातले हेमॅटाइटचे कण गाडीच्या रंगापेक्षा कठीण असतात. कोरड्या फडक्याने गाडी पुसणे म्हणजे ते कण रंगावर घासणे होय. यास्तव क्रम असा ठेवावा: आधी हलक्या पाण्याने सारी गाडी भिजवून पाच-दहा मिनिटे तशीच ठेवावी. माती फुगली की मग दाबाचे पाणी चाकांच्या कमानींत व पोटाखाली मारावे. वरचा भाग वरून खाली धुवावा, आणि फडके सर्वांत शेवटी घ्यावे. अशा घाणीला दाबही लागतो आणि पाण्याचा ओघही लागतो. केवळ दाब असेल तर माती सुटते पण वाहून जात नाही. हातभर पुढे जाऊन पुन्हा बसते. टिपर, पॉवर टिलर यांसाठी १२० ते १५० बार आणि मिनिटाला निदान ८ लिटर पाणी देणारे यंत्र शोधावे. साध्या मोटारीला किंवा स्कूटरला ८० ते १०० बार आणि मिनिटाला साडेपाच-सहा लिटर पुष्कळ झाले.

पेडण्याच्या किनाऱ्यावर, केरी, हरमल, मांद्रे, मोरजी या गावांत, शत्रू निराळा आहे. तो डोळ्यांना दिसत नाही. समुद्रावरून येणारी खारी हवा पत्र्यावर, नटबोल्टांवर आणि साखळीवर मिठाचा पातळ थर चढवते. रेतीतून फिरून आलेल्या स्कूटरच्या पोटाशी तर तो जाड असतो. ५ जानेवारी २०२३ पासून मोपाच्या विमानतळावरून वाहतूक सुरू झाली. त्या परिसरातील अनेक कुटुंबे आज टॅक्सी, भाड्याच्या दुचाक्या आणि पाहुण्यांच्या खोल्या यांवर जगतात. दुचाकी दोन वर्षांत गंजली तर तोटा घराचा होतो.

परंतु मीठ काढण्यास दाब लागत नाही. मीठ पाण्यात विरघळते. त्याला हवे असते ते गोडे पाणी, भरपूर आणि वारंवार. जोराचा फवारा उलट ते खारे पाणी पत्र्याच्या जोडांत, बेअरिंगच्या सिलांत आणि विजेच्या जोडण्यांत ढकलून देतो, आणि जेथून ते सहजी बाहेर येणार नाही तेथे गंज सुरू होतो. किनाऱ्यावर राहणाऱ्या गृहस्थाने म्हणून मोठ्या दाबाच्या यंत्रासाठी जादा पैसे मोजू नयेत. रुंद फवाऱ्याची तोटी, दाब कमी करण्याची सोय आणि लांब पाइप या तीन गोष्टी त्याच्या खऱ्या उपयोगाच्या. होडीला लावायच्या यंत्राचेही तसेच: त्याच्या आतील पाण्याच्या वाटेतून गोडे पाणी फिरवणे हे महत्त्वाचे, बाहेरून झाकणावर फवारा मारल्याने ते काम होत नाही.

घाणीनंतर पाणी. पेडण्यास चांदेलच्या शुद्धीकरण प्रकल्पाचे नळाचे पाणी येते. तरीही उन्हाळ्यात अनेक घरे विहिरीवर अवलंबून असतात, आणि किनाऱ्यालगतच्या काही विहिरींचे पाणी एप्रिल-मे महिन्यांत मचूळ होते. अशा पाण्याने मीठ धुणे हे हास्यास्पदच. शिवाय ते पंपाच्या धातूलाही खाते. डिचोलीकडील विहिरींच्या पाण्यात तांबडा गाळ असतो. पंपातील रबरी सिले गाळाने कापली जातात आणि दाब उतरतो. यंत्राच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी दर खेपेस काढून धुवावी आणि यंत्र घेतानाच ती सहज निघते की नाही हे पाहावे.

नळाची परीक्षा अगदी सोपी आहे. दहा लिटरची बादली नळाखाली ठेवून घड्याळ पाहावे. ती मिनिटभरात भरली तर घरगुती यंत्राला पाणी पुरेल. दोन मिनिटे लागली तर पंप उपाशी राहील. तो घरघरतो, तापतो आणि लवकर झिजतो. अशा घरांनी बादलीतून वा पिंपातून स्वतः पाणी ओढून घेणारे यंत्र निवडावे. सर्वच यंत्रे असे करीत नाहीत, म्हणून दुकानदारास ते स्पष्ट विचारावे आणि शक्य असल्यास तेथेच चालवून पाहावे.

पाणी वाचते काय, हा प्रश्न गृहिणी अचूक विचारतात. हिशेब असा: साधा रबरी पाइप मोकळा सोडला तर मिनिटाला १५ ते २० लिटर पाणी जाते, म्हणजे दहा मिनिटांत १५० ते २०० लिटर. यंत्राने मिनिटाला ६ लिटर धरले तर पंधरा मिनिटांत ९० लिटर. पण १५ लिटरच्या चार बादल्यांत मोटार धुणारा माणूस ६० लिटरच खर्च करतो. म्हणजे पाइपच्या मानाने यंत्र काटकसरी, परंतु बादलीच्या मानाने नव्हे. ज्यांच्या घरी एकच स्कूटर आहे आणि मे महिन्यात टँकरची वाट पाहावी लागते, त्यांनी हे यंत्र घेण्याची घाई करू नये, असे आमचे प्रांजळ मत आहे. वीज मात्र फारशी लागत नाही. १६०० वॅटचे यंत्र पंधरा मिनिटे चालले तर ०.४ युनिट खर्च होते.

तिसरी गोष्ट वीज. १८०० वॅटचे यंत्र सुमारे ८ अँपिअर प्रवाह ओढते. दिव्याच्या बोर्डावरील लहान सॉकेट त्यासाठी नाही. फ्रिज किंवा गिझरसाठी असते तसे १६ अँपिअरचे सॉकेट हवे आणि त्याचे अर्थिंग खरोखर चालू हवे. तीन पिनांपैकी एक मोडून दोन पिनांवर काम भागवण्याची सवय पाण्याच्या यंत्रापाशी प्राणघातक ठरते. गळतीचा प्रवाह ३० मिलिअँपिअरवर जाताच वीज तोडणारा आरसीसीबी घराच्या फळीवर नसेल, तर यंत्राच्या आधी तो बसवावा. जोडवायर वापरावीच लागली तर ती दीड चौरस मिलिमीटरहून बारीक नसावी, पूर्ण उलगडलेली असावी आणि तिचा जोड ओल्या जमिनीवर पडलेला नसावा. गुंडाळलेली वायर आतल्या आत तापते.

एवढे झाल्यावर आता खोक्याकडे वळू. काही खोक्यांवर दाब ‘पीएसआय’ मापात दिलेला असतो आणि २००० हा आकडा पाहून डोळे दिपतात. १ बार म्हणजे १४.५ पीएसआय, तेव्हा २००० पीएसआय म्हणजे १३८ बार. तोही बहुधा कमाल दाब असतो, क्षणभर टिकणारा. प्रत्यक्ष काम चालताना मिळणारा दाब त्याहून बराच कमी असतो. माहितीपत्रकात ‘कार्यदाब’ असा वेगळा आकडा दिला आहे काय, ते पाहावे.

आकडे खरे की फुगवलेले, हे ओळखण्याचे एक गणित आम्ही वाचकांस देतो. बार आणि मिनिटाचे लिटर यांचा गुणाकार करावा, त्यास ५ ने गुणावे आणि ३ ने भागावे. येणारे उत्तर म्हणजे पाण्यात उतरलेली शक्ती, वॅटमध्ये. १०० बार आणि ६ लिटर असतील तर उत्तर १००० वॅट येते. मोटर १४०० वॅटची असेल तर हे पटण्याजोगे आहे, कारण काही शक्ती उष्णतेत आणि घर्षणात जाणारच. पण १४०० वॅटच्याच यंत्रावर १५० बार आणि १० लिटर असे छापले असेल, तर उत्तर २५०० वॅट येते. मोटर खाते त्याहून अधिक काम कोणते यंत्र करील? असे दोन आकडे एकाच वेळी मिळणे अशक्य आहे, हे समजून दुसरे खोके पाहावे.

मोटर दोन प्रकारची असते. एक कार्बन ब्रशची, आपल्या मिक्सरमध्ये असते तशी: हलकी, स्वस्त, कर्कश आणि सलग फार वेळ न चालणारी. दुसरी इंडक्शन मोटर, विहिरीवरच्या पंपात असते तशी: जड, महाग, त्या मानाने शांत आणि दीर्घायुषी. आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटे गाडी धुणाऱ्याचे वर्षभरात १३ तास होतात. त्याला पहिली पुरते. पण भाड्याच्या आठ दुचाक्या रोज प्रत्येकी पाच मिनिटे धुणाऱ्याचे वर्षाला सुमारे २४३ तास होतात. घरगुती वापराची अठरा वर्षे हा माणूस एका वर्षात खर्च करतो. त्याने इंडक्शन मोटर आणि पितळी डोक्याचा पंप असलेलेच यंत्र घ्यावे. शिवाय घरगुती यंत्राची हमी धंद्याच्या वापरास बहुधा लागू होत नाही. हमीपत्रावरचे बारीक अक्षर दुकानातच वाचावे. सिले, कार्बन ब्रश, तोटी हे सुटे भाग म्हापशात मिळतील काय, हेही विचारावे. जे यंत्र दुरुस्तीसाठी मुंबईला पाठवावे लागते, त्याची स्वस्ताई पहिल्या बिघाडापुरतीच.

आता जोखमीविषयी. हे आम्ही जरा कठोरपणे लिहितो. या यंत्राची बंदूक मुलांच्या हाती खेळ म्हणून देऊ नये. अंगणात पाणी उडवण्याची मौज त्यांना अनावर असते. ७ बारच्या आसपासचा दाबही कातडी भेदू शकतो, मग १०० बारची कथा काय! बारीक धार बोटात शिरली तर बाहेर टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते आणि फारसे दुखतही नाही; आत मात्र पाणी व घाण स्नायूंच्या पडद्यांमधून दूरवर गेलेली असते. अशा जखमेला हळद लावून घरी बसू नये. त्याच दिवशी, विनाविलंब, शल्यचिकित्सकाकडे जावे. उशिराने बोट गमावण्याची वेळ येते. पायांत चपलांऐवजी बंद बूट असावेत. काम संपल्यावर वीज बंद करून बंदुकीचा चाप एकदा दाबून आत साठलेला दाब सोडून द्यावा.

काही ठिकाणी फवारा मारूच नये. टायरच्या बाजूपासून तोटी निदान एक फूट दूर ठेवावी. जवळून मारलेली धार टायरला आतून इजा करते आणि ती घाटात वेगाने जाताना प्रकट होते. रेडिएटरची पाती वाकतात. विजेवर चालणाऱ्या स्कूटरच्या चार्जिंगच्या तोंडावर, मोटरसायकलच्या साखळीवर आणि चाकांच्या बेअरिंगवर धार रोखू नये. तोट्यांपैकी शून्य अंशाची, म्हणजे सुईसारख्या धारेची, गाडीला वापरूच नये. २५ किंवा ४० अंशांचा पंखा पुरे.

घराविषयीही एक शब्द. यंत्र आले की हात शिवशिवतात आणि मोहरा जुन्या घराकडे वळतो. पावसाळ्यात अंगणावर धरलेले निसरडे शेवाळ काढण्यास हे यंत्र फार चांगले, आणि त्याने घरातल्या वडीलधाऱ्यांचे पाय घसरण्याचे संकट टळते. परंतु चिऱ्याच्या उघड्या भिंती, चुन्याचा गिलावा, मंगळुरी कौले आणि आजोबांच्या हातचे तुळशीवृंदावन यांवर हा जोर चालवू नये. चिरा मुळात सच्छिद्र आणि मऊ. दरसाल थोडा थोडा झडून जाईल. तेथे काथ्याचा ब्रश आणि धीर हीच अवजारे.

राहता राहिले ते धुऊन वाहणारे पाणी. त्यात तेल असते, ग्रीस असते, खनिजाची धूळ असते. डिचोली तालुक्यात खाणींचे खड्डे भूजलाच्या पातळीखाली गेल्यावर विहिरी आटल्याच्या तक्रारी शिरगावसारख्या गावांनी केल्या आहेत. ज्या विहिरी उरल्या त्यांच्या काठाशी टिपर धुणे हे आपल्याच ताटात माती कालवण्यासारखे आहे. वाळवंटीत पडलेले पाणी मांडवीत जाते, आणि वाटेत त्याच्याच काठांवर आपले मळे व कुळागरे आहेत. तेल-ग्रीस आधी चिंधीने पुसून घ्यावे. गाडी विहीर, ओहोळ आणि भातशेतापासून दूर, खडीच्या किंवा गवताच्या जमिनीवर धुवावी. साबण कमीत कमी वापरावा. टिपर व मोठी यंत्रे असणाऱ्यांनी धुण्याच्या जागी गाळ बसण्यासाठी लहान खड्डा करून त्यातील गाळ वेळच्या वेळी काढावा. त्याचा खर्च यंत्राच्या किमतीतच धरावा.

तात्पर्य, दुकानात जाण्यापूर्वी घरच्या घरी तीन गोष्टी कागदावर टिपाव्यात: गाडीवर काय बसते, बादली किती वेळात भरते आणि सॉकेट किती अँपिअरचे आहे. वर्षाला किती तास काम पडेल हे त्याखाली लिहावे. हा कागद खिशात असला की विक्रेत्याच्या बोलण्यापेक्षा आपले प्रश्न मोठे होतात. येत्या खंडेनवमीला यंत्र घ्यायचे ज्यांनी ठरविले असेल, त्यांनी ते अवश्य घ्यावे, आणि गाडीबरोबर त्यालाही हळदकुंकू लावावे. पूजा शक्तीची करतानाच तिचा धाक बाळगावा, हा त्या दिवसाचा जुना संकेत आहे. विजेच्या आणि पाण्याच्या या नव्या आयुधाला तो तंतोतंत लागू पडतो.